टॉवरातली बाई

उसाला तोड आली आणि त्याच आठवड्यात शांतव्वाच्या फोनला काय झालं कुणास ठाऊक.

वस्ती गावापासून लांब, ओढ्याच्या काठाला. ओढ्याच्या अलीकडं कागल तालुका, पलीकडं कर्नाटक. म्हशी दोन्हीकडं चरायच्या, सरपण दोन्हीकडनं यायचं, आणि घरातलं बोलणं निम्मं कन्नड, निम्मं मराठी. घरात माणसं दोनच. शांतव्वा आणि तिचा नवरा रेवणसिद्ध. एकुलती एक लेक सुष्मिता, ती लांब बार्शीला दिलेली. जावई वीरेश ट्रकवर, महिना महिना गुजरातेत. सुष्मिताला आठवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण, ते माहेरी व्हायचं. डोहाळजेवणाला हे दोघं बार्शीला गेलते तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, "चांगला दिवस बघून फोनवर ठरवू. मग न्यायला या." त्या बोलण्यावर विसंबून ही दोघं परत आली. आणि तो फोनच येईना.

शांतव्वा त्या दिवशी उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या, पेंढ्या म्हशींसाठी बांधत होती. ऊसतोडीच्या टोळीची माणसं खाली वाकून सपासप कोयता चालवत होती. उसाची पानं कापून कापून तिच्या मनगटांवर बारीक रेघा उठलेल्या, घाम लागला की त्या चरचरायच्या. कमरेच्या पिशवीत फोन वाजला. तिनं हात लुगड्याला पुसले, बटण दाबलं.

"अव्वा..."

"बोल, बाळ. बरी हैस न्हवं?"

"अव्वा, पाय लई..."

एवढ्यावर फोन गप्प झाला. शांतव्वा तो कानाला तसाच धरून "बोल की, बोल की" म्हणत राहिली. मग तिनं लेकीचा नंबर लावला तर पलीकडनं बाई सांगायला लागली, आपल्या खात्यात पुरेशी रक्कम नाही.

रेवणसिद्ध बांधावर उभा राहून ट्रॉलीवाल्याशी बोलत होता. तो वळला.

"काय झालं?"

"सुशीचा फोन हुता. पाय म्हणाली आन् तुटला. पैसं संपल्यात म्हणं."

"संपल्यात? काल तर घातलंय की!"

"मी कुणाला लावला न्हाय ओ."

"मग काय उंदरानं खाल्लं?" तो सगळ्या टोळीला ऐकू जाईल असा ओरडला. "आलेल्या फोनला पैसं लागत न्हाईत, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. तूच काय बाय दाबत बसतीस."

उसात वाकलेली एक बाई हसली. वाईट मनानं नव्हे, पण हसली. शांतव्वानं खाली बघून पेंढी आवळली. तिला नवऱ्याच्या ओरडण्याचं काही वाटलं नाही, ते रोजचंच होतं. पाय म्हणजे काय झालं असेल, हेच ती मनात घोळवत राहिली. पाय दुखत्यात? पाय सुजल्यात? का पाय घसरून पडली?

दुपारी ती गावात गुंडूच्या दुकानात गेली. गुंडू विडीकाडी, साबण आणि फोनचा बॅलन्स एकाच फळीवर विकायचा. त्यानं बॅलन्स घातला आणि फोन उलटासुलटा करून बघितला.

"मावशे, गाणंबिणं लावून घेतलंयस का? त्याला पैसं जात्यात."

"मला कशाला पायजे गाणं?"

"मग कंपनीच चोर हाय," गुंडू म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

दुकानाच्या दारात नाणं टाकून बोलायचा फोनचा डबा होता. शांतव्वानं त्यातनंच लेकीचा नंबर लावला. तो बंद लागला. तिकडं लाईट गेली की सुष्मिताचा फोन मरायचा, हे तिला माहीत होतं. तरी ती थोडा वेळ तिथंच घुटमळली. शेजारणीच्या, तानाबाईच्या, पोराकडं फोन होता, पण ते पोरगं दिवसभर एमआयडीसीत. वस्तीवर दुसरा फोन नव्हता.

संध्याकाळी ती धारंला बसली. गोठा ओढ्याच्या अंगाला, घरामागं. तिनं फोन खुंटीला पिशवीत अडकवला होता. तिथं गेलं की तो हल्ली 'टुंग' करायचा, कसला तरी मेसेज यायचा. इंग्रजी अक्षरं, तिला वाचता येत नव्हती. कंपनीवाले काय तरी पाठवत असतील, म्हणून तिनं कधी कुणाला दाखवलं नाही. आजही 'टुंग' झालं. मग थोड्या वेळानं रिंग वाजली. तिनं चरवी बाजूला ठेवली, म्हैस पाय झाडायला लागली.

"सुष्मिताच्या आईच का?" पलीकडनं विहीणबाई. निलावतीबाई. सुष्मिता त्यांना अत्ती म्हणायची. आवाज असा की कोर्टात पुकारा करावा.

"व्हय, व्हय. बोला की विहीणबाई."

"बरं झालं बाई. आज मराठीत बोललात."

शांतव्वाला काही कळलं नाही. "आँ?"

"असू दे. डॉक्टर म्हणत्यात की तिला..."

पुन्हा तुटला.

म्हशीनं चरवी लवंडली. दूध शेणात मिसळून वाहायला लागलं आणि शांतव्वा ते बघत उभी राहिली. डॉक्टर काय म्हणत्यात? आणि आज मराठीत, म्हणजे? ती विहिणीशी कन्नडात कधी बोलली होती? विहीणबाई बार्शीच्या, त्यांना कन्नडातलं ओ का ठो कळत नव्हतं.

जेवताना तिनं विषय काढला.

"मी जाऊन येते म्हणते बार्शीला."

"टोळी रानात हाय," रेवणसिद्ध म्हणाला. "उद्याच्याला ट्रॉली भरायची. टोळीला पाणी कोण देणार, म्हशी कोण बघणार? आन् ठरलंय काय? त्यांनी दिवस सांगायचा, आपुन न्यायला जायचं. न बोलवता गेलो तर म्हणतील, आली धावत."

"म्हणू देत की."

"तुला काय जातंय. मला उद्या त्यांच्या सोप्यात मानानं बसायचं हाय."

तो हात धुवायला उठला. पण त्यानं भाकरी अर्धी टाकली होती, हे तिनं बघितलं.

त्यापुढं फोन वाजलाच नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. आलेल्या फोनला पैसे लागत नाहीत, म्हणून तिनं परत बॅलन्स घातला नाही; गुंडूच्या डब्यावरनं लावला तर लेकीचा फोन बंदच. टोळीनं निम्मं रान झोपवलं. शांतव्वा पेंढ्या बांधायची, टोळीला पाणी द्यायची आणि दर थोड्या वेळानं पिशवीतला फोन काढून बघायची. उजेड होता, म्हणजे जिवंत होता. तिनं तो देवळीत लिंगापुढं ठेवून बघितला, चुलीच्या कट्ट्यावर ठेवून बघितला. जेवण उतरेना. डोळा लागला की लेकीचं ते अर्धं वाक्य कानात यायचं आणि दचकून जाग यायची.

तानाबाई शेजारच्या वस्तीवरची. डेअरीला दोघी बरोबर दूध घालायच्या. तिनं शांतव्वाचं तोंड बघितलं आणि म्हणाली, "आगं, कागलला त्या कंपनीचं हापीस हाय. मला उद्या बाजार हाय, चल माझ्याबरं. डबडं त्यांच्या तोंडावर मारून ये."

"मालक नगं म्हणतील."

"मग इचारू नगंस."

शांतव्वानं विचारलं नाही. सकाळी धारा काढल्या, भाकरी बांधून ठेवली आणि रेवणसिद्ध ट्रॉलीमागं गेलेला बघून अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली.

कागलचं हापीस म्हणजे काचेचा दरवाजा आणि आत गारवा. तिनं चपला बाहेर काढल्या. आत सगळे चपला घालूनच उभे होते, पण तिला परत बाहेर जायला धीर झाला नाही. अनवाणी पाय, टाचांच्या भेगांत काळी माती, आणि खाली चकचकीत पांढरी फरशी. दारातल्या वॉचमननं तिच्या पायांकडं बघितलं. रांग सरकत गेली. टेबलामागं एक पोरगी बसली होती, गळ्यात पट्टी, पट्टीवर नाव. शेजारची बाई तिला अनुजा म्हणून हाक मारत होती.

"बोला मावशी."

"माझं पैसं जात्यात. मी बोलत न्हाय तरी जात्यात."

अनुजानं फोन घेतला, बटणं दाबली आणि बघता बघता तिला हसू आलं.

"मावशी, कर्नाटकानं तुमचं कितीदा स्वागत केलंय बघा की! सगळा फोन भरलाय."

"म्हंजे?"

"तुम्ही कर्नाटकात असता का?"

"न्हाय ओ. वड्याच्या अलीकडं आमचं घर. सातबारा कागलचा हाय."

"तेच. रोमिंग लागतंय तुम्हाला. तुमच्या घरात पलीकडचा टॉवर पकडतोय. बाहेरच्या राज्यात आलेल्या फोनलाही चार्ज पडतो. बाहेर फोन केला तर एसटीडी, तो आणखी वेगळा. पुढचे या."

मागचा माणूस पुढं सरला. शांतव्वा हलली नाही.

"बाई, परत सांग."

"आत्ताच सांगितलं की."

"मला कळलं न्हाय. कळल्याबिगर मी जायची न्हाय. माझी लेक पोटुशी हाय आन् तिचा फोन तुटतोय."

मागचा माणूस "च्याक" करून बाजूला झाला. अनुजानं तिच्याकडं बघितलं, मग खुर्ची थोडी पुढं ओढली.

"हे बघा. फोन जवळचा टॉवर धरतो. तुमच्या गोठ्यात पलीकडचा जवळ पडत असेल, तर तो पलीकडचा धरतो."

"पर मी तर हितंच हाय. मी कुठं गेलीया कर्नाटकात?"

"तुम्ही नाही गेला. फोन गेला. फोनला तुमचा सातबारा कळत नाही, मावशी."

शांतव्वानं ते मनात घोळवलं. "मंग सुशी माझ्याशी बोलती, तवा पैसं माझं जात्यात?"

"हो. ती बोलते ते तुमच्या गावापर्यंत तिच्या पैशात. तिथनं पुढं ओढ्याच्या पलीकडं जाऊन परत तुमच्या कानात येतं, ते तुमच्या पैशात."

"आन् माझं संपलं की?"

"मग फोन येतच नाही."

"येतच न्हाय म्हंजे, वाजत न्हाय?"

"वाजत नाही. तुम्हाला कळत पण नाही की कुणी लावला होता."

तेव्हाचा नियमच तसा होता, राज्याची हद्द ओलांडली की आलेला फोनसुद्धा विकत घ्यावा लागायचा. पण शांतव्वाला नियमाचं काही नव्हतं. देवळीत लिंगापुढं ठेवलेला तो गप्प फोन तिच्या डोळ्यांपुढं आला. तो गप्प नव्हता. पोरगी हाका मारत होती आणि हिच्यापर्यंत पोचत नव्हती. तिनं टेबलाची कड धरली.

"मावशी, बसा. पाणी देऊ?"

"पाणी नगं. ह्याला कर्नाटकात जाऊ दिऊ नगं. तेवढं कर."

अनुजानं बटणं दाबली. "आता हा आपलाच टॉवर धरेल. पण जिथं आपला नाही, तिथं फोन बंदच पडेल. घरात रेंज येणार नाही कदाचित. गावात यावं लागेल."

"घरात येणारच न्हाय?"

"दोन्ही नाही जमत."

शांतव्वानं बॅलन्स भरला आणि बाहेर आली. तानाबाई भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसली होती. शांतव्वानं तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून नंबर लावला. गाड्यांचे हॉर्न वाजत होते, तिनं दुसरा कान बोटानं दाबला.

"अव्वा? तूच हैस?"

"मीच. बोल. आता तुटायचं न्हाय."

पलीकडं एक हुंदका. मग सुष्मिता रडायला लागली. "तू मला टाकलीस व्हय गं? अत्ती रोज लावत्यात, तू कन्नडात काय तरी बोलून ठेवतीस म्हणत्यात. मी म्हटलं, माझी अव्वा असं करायची न्हाय. पर मी लावला तरी तुटतोय..."

"मी कशाला ठेवू, बाळा? पाय काय म्हणत हुतीस?"

"सुजल्यात. चप्पल जात न्हाय पायात. तोंडबी सुजलंय. डॉक्टर म्हणाले बीपी वाढलंय, परवास करायचा न्हाय. तिकडं येता येणार न्हाय आता. अत्ती तेच सांगायला लावत हुत्या. डोकं लई दुखतंय, अव्वा."

शांतव्वानं फोन पिशवीत घातला तेव्हा तिचं ठरलं होतं.

"ताना, मालकाला सांग, मी बार्शीला गेले."

"आता? अशीच? आगं, लुगडं तरी..."

"लुगड्याला काय झालंय?"

"म्हशी?"

"मालकाला दोन हात हैत. सांग, म्हणावं टोळी ट्रॉली भरंल, पर पोरीचं पाय टोळी बघायची न्हाय."

तानाबाईनं पुढचं काही विचारलं नाही. पिशवीतनं केळी काढून तिच्या ओटीत घातली आणि कोल्हापूरच्या गाडीपर्यंत तिला सोडून आली.

कोल्हापूरला बार्शीची गाडी मिळाली. खिडकीतनं ऊस गेला, मिरज गेली, पुढं कोरडं रान सुरू झालं, ज्वारीची ताटं वाऱ्यावर करकरायला लागली. शांतव्वानं फोन सगळा वेळ मुठीत धरला होता. मुठीतल्या घामानं तो ओला झाला की पदरानं पुसायची. एवढ्या लांब चाललो, तरी आता म्हणं पैसे पडणार नाहीत, आणि घरात गोठ्यात बसलं की पडतात. हे तिला पटत नव्हतं, पण कळलं होतं. मध्येच तिला वाटायचं, विहीणबाई दारात काय बोलतील? लेकीच्या सासरी रिकाम्या हातानं, मळक्या लुगड्यानं, न बोलवता. रेवणसिद्ध म्हणाला होता ते खोटं नव्हतं. मग सुष्मिताचं "डोकं लई दुखतंय" आठवायचं आणि गाडी जास्तच हळू चालल्यासारखी वाटायची.

दिवेलागणीला ती बार्शीला पोचली. दार निलावतीबाईंनीच उघडलं. उंच, हाडापेरानं मोठी बाई. शांतव्वाला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आलात."

"आले."

"आता सुचलं?"

"फोनची भानगड झालती ओ विहीणबाई. टॉवर..."

"टॉवर? आता टॉवरचं निमित्त? मी रोज लावतीया आन् तुमी तोऱ्यात कन्नडात बोलून ठेवताय. लेक नकोशी झाली असली तर मराठीत सांगा. आमी बघू तिचं."

"मी कुठं बोलले कन्नडात?"

"मग कोण बोललं? बाईचाच आवाज हुता. असं नाकात." आणि निलावतीबाईंनी एक बोट नाचवत नक्कल केली, "नीवू करे माडिदा, नीवू करे माडिदा... आन् फट्!"

शांतव्वानं ते कन्नड शब्द तोंडातल्या तोंडात जुळवले. मग तिच्या ध्यानात आलं.

"आवं, ती मी न्हवं! ती टॉवरातली बाई! कर्नाटकातली! तुमी ज्याला फोन केलाय ते माणूस सापडत न्हाय, असं सांगती ती."

"माणूस सापडत न्हाई?"

"व्हय. माझा फोन कर्नाटकात गेलता. मी घरातच हुते, फोन गेलता."

निलावतीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. त्यांचं तोंड हळूहळू उतरलं.

"आन् मी त्या बाईला काय काय बोलले हो," त्या पुटपुटल्या. "लाज न्हाई का म्हणाले, आई हैस का कोण म्हणाले."

"तिला कुठं मराठी कळतंय," शांतव्वा म्हणाली.

आतनं सुष्मिताची हाक आली तशा दोघीही आत धावल्या.

पोरगी भिंतीला टेकून बसली होती. तोंड फुगलेलं, डोळे बारीक झालेले. शांतव्वानं तिचे पाय मांडीवर घेतले. अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला. तिच्या खाली नीट घडी घातलेली गोधडी होती, उशाला पाण्याचा तांब्या, पायांखाली उंचवट्याला ज्वारीचं पोतं. कुणीतरी दिवसरात्र बघत होतं, हे शांतव्वाला बघितल्या बघितल्या कळलं.

"अव्वा, डोळ्यांपुढं चांदण्या दिसत्यात," सुष्मिता म्हणाली.

निलावतीबाईंनी पायात चपला घातल्या. "रिक्षा आणते. तुमी तिला उठवा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दंडाला बीपीची पट्टी बांधून बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बाळ आताच काढायला पाहिजे, म्हणाल्या. पोरीला आत नेलं. बाहेर बाकड्यावर दोन विहिणी बसल्या. निलावतीबाईंचे ओठ सारखे हलत होते, शिवशिव म्हणत होत्या. शांतव्वाला देवाचं नावसुद्धा आठवेना. ती आपल्या मनगटावरच्या उसानं कापलेल्या रेघा नखानं खरवडत बसली, रक्त आलं तरी कळलं नाही. निलावतीबाईंनी तिचा हात धरून बाजूला केला आणि आपल्या पदराखाली धरून ठेवला.

फोन वाजला. तानाबाईच्या पोराचा नंबर, आणि बोलायला रेवणसिद्ध. गावातल्या पाण्याच्या टाकीवर चढून बोलत होता.

"पोचलीस?"

"पोचले. तिला आत नेलीया. पोट फाडून काढणार हैत."

टाकीवरचा वारा फोनात घोंगावत होता. तो म्हणाला, "त्यांच्या सोप्यात बसायचं हाय म्हणून मी तुला अडवलं गं. पर बसून काय करायचं हुतं मला." आणि तो लगेच म्हशींवर आला. "म्हशीची धार मी काढली. दूध कमी दिलं तिनं. तू... तू तिथंच ऱ्हा."

थोड्या वेळानं नर्स बाहेर आली. मुलगी झाली होती, लहान, पण रडणारी. सुष्मिता शुद्धीवर येत होती. बीपी उतरायला वेळ लागेल, बघत राहावं लागेल, पण धोका टळला. निलावतीबाईंचा कोर्टातल्या पुकाऱ्यासारखा आवाज लहान पोरीसारखा झाला. "वाचली," त्या म्हणाल्या. "वाचली ओ पोर."

खाटेवर आणल्यावर नर्सनं दोघींकडं बघितलं. "पेशंटजवळ एकच बाई थांबायची. दुसरीनं घरी जायचं."

रीतीनं लेकीची आई थांबायची. निलावतीबाईंनी पिशवी उचलली, तांब्या खाटेखाली सरकवला.

"तुमी बसा," त्या म्हणाल्या. "मी आता सकाळी भाकरी घेऊन येते. दोन महिनं मीच बसलेली हाय तिच्याजवळ, आता तुमची पाळी."

त्या दारापर्यंत गेल्या. चालताना त्यांचा उजवा गुडघा लचकत होता. शांतव्वानं ते बघितलं. दोन महिने ही बाई ह्या गुडघ्यावर उठत बसत होती, आणि हा आठवडाभर रोज फोन लावून परक्या बाईच्या तोंडून ऐकत होती की माणूस सापडत नाही.

"विहीणबाई," शांतव्वानं हाक मारली.

त्या वळल्या.

"या हिकडं. दोघी ऱ्हाऊ."

"नर्सबाई हाकलंल की."

"हाकलू दे. मला मराठी कळत न्हाय म्हणून सांगते."

निलावतीबाई परत आल्या. खाटेच्या एका अंगाला एक आणि दुसऱ्या अंगाला दुसरी बसली. मध्ये सुष्मिता झोपलेली आणि तिच्या कुशीत ते मूठभर पोर हात वर करून हवेत काहीतरी धरू बघत होतं.